रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी

बारा तास आधी

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. दीड वर्षात बहुतेक काळ बंद राहिलेल्या शाळा आज उघडल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरांत आठवी ते बारावी. साताऱ्यात सकाळी रस्त्याला पुन्हा गणवेश दिसले, बहुतेक आखूड झालेले. मुलं वाढली होती, कापड जागच्या जागी होतं. घराघरातल्या वायफायच्या डब्याला बहुधा बऱ्याच महिन्यांनी दिवसाउजेडी विसावा मिळाला असेल. तोवर वर्ग तोच, फळा तोच, आणि हजेरीही त्याच्याच मर्जीवर. ‘नेट गेलं होतं, सर’ ही सबब सगळ्या इयत्तांनी वापरून वापरून झिजवली होती.

शाळा उघडली तरी गृहपाठ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच येणार होता. गुरुवारी घटस्थापना, त्याच दिवशी देवळं उघडणार, त्याचे निरोपही तिथेच फिरत होते. वर्दळीचा पण साधा दिवस.

पाच तास आधी

दुपारचे चार. कॅलिफोर्नियात तेव्हा पहाटेचे साडेतीन. ज्या कंपनीच्या हातून आज रात्री घोटाळा व्हायचा होता, तिचं मेन्लो पार्कचं मुख्यालय अंधारात होतं. कंपनीचं नाव तेव्हा फेसबुकच होतं. ‘मेटा’ हे नामकरण त्याच महिन्याच्या अखेरीचं.

इकडे तासगाव-मिरजेच्या पट्ट्यात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू. छाटणीनंतरचे दिवस बागायतदाराला झोपू देत नाहीत. एखादी सर आली, ढगाळ राहिलं, की डाऊनी या रोगाची धास्ती. पानावर तेलकट डाग दिसला की फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि कुणी जाणकार औषध आणि प्रमाण कळवेपर्यंत पंप थांबवून बसायचं. बेदाण्याचे आणि हळदीचे भाव याच वाटेने फिरतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचं पावसाळ्यातलं नातंही आता याच वाटेने चालतं. पाटण तालुक्यात कोयनेचे दरवाजे किती उघडले, किती क्युसेक सोडलं, हे वरून कळवायचं; आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे हे खालून. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्याच वर्षी जुलैत पाणी पन्नाशीपार गेलं तेव्हा जनावरं कधी हलवायची, गाडी कुठं नेऊन लावायची, हे कित्येकांनी त्या आकड्यांवरून ठरवलं.

केंद्र सरकारने फेब्रुवारीत दिलेल्या आकड्यानुसार देशात व्हॉट्सॲप वापरणारे ५३ कोटी. फुकट मिळणाऱ्या एका ॲपच्या खुंटीला आपण काय काय अडकवून ठेवलंय, याची मोजदाद कुणी केली नव्हती. करायचं कारणही नव्हतं, खुंटी पक्की होती.

दीड तास आधी

सांगली, विश्रामबाग. माझ्या आत्तीच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला वायफाय जातं. रोज जातं. लॉकडाऊन लागल्यापासून हे दुखणं आहे आणि त्याच्यावर घरात एकच औषध ठरलेलं: डब्याचं बटण बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, पुन्हा चालू करायचं. नेट येतं. नऊच्या आत बहुधा पुन्हा जातं. पुन्हा बटण.

हे औषध का लागू पडतं हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते त्या रात्रीचा पुढचा सगळा अनर्थ याच न विचारण्यातून झाला. कारण साधं आहे. जुनं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्या पट्ट्यात चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आखलेले, पण एकेका डब्याला जागा लागते वीस मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच निघतात: १, ६ आणि ११. आत्तीच्या इमारतीत मजल्यामजल्यावर डबे; फोनवर वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची, त्यांच्या कुत्र्यामांजरांची, क्रिकेटपटूंची नावं खालीवर सरकवत बसावं लागतं. संध्याकाळी मालिका, क्लास, गेम, सगळं एकदम सुरू झालं की तिन्ही चॅनेलांवर कालवा. त्यात आत्तीच्या डब्याची सेटिंग होती ‘ऑटो’, आणि रुंदी वीसऐवजी चाळीस मेगाहर्ट्झ. चाळीस म्हणजे अर्ध्या पट्ट्यावर पथारी. वेग जास्त मिळेल या आशेने कारखान्यातूनच तशी लावून येते किंवा घरातलं कुणी हौशी लावतं. दाट वस्तीत तिचा उपयोग कमी आणि उपद्रव जास्त.

‘ऑटो’ची गंमत अशी की स्वस्तातले बरेच डबे मोकळा चॅनेल शोधतात तो फक्त चालू होताना. एकदा धरला की धरला, मग त्यावर कितीही गर्दी होवो. म्हणजे बटण बंद-चालू केल्यावर नेट यायचं ते डबा ‘ताजातवाना’ झाला म्हणून नव्हे, त्याने नवीन चॅनेल निवडला म्हणून. घराने मात्र धडा घेतला तो असा: नेट गेलं की दोष डब्याचा, आणि डब्याला झटका दिला की तो सुधारतो.

त्या संध्याकाळीही गेलं. बटण दाबलं, आलं.

९:१०

भारतातले नऊ वाजून दहा मिनिटं, ग्रिनिचचे दुपारचे तीन-चाळीस. इंटरनेटच्या रहदारीवर नजर ठेवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीला या मिनिटाला फेसबुककडून मार्गबदलांचा एकदम लोंढा आलेला दिसला.

काय झालं होतं हे फेसबुकचे पायाभूत सुविधांचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी लिहून जाहीर केलं. जगभरातली डेटा सेंटर एकमेकांना जोडणारं कंपनीचं स्वतःचं जाळं आहे. त्याच्या नेहमीच्या देखभालीत, जाळ्याची क्षमता किती शिल्लक आहे हे तपासायला एक आज्ञा दिली गेली. तिने तपासायचं सोडून जाळ्यातले सगळे दुवेच तोडले. अशी घातक आज्ञा अडवायला एक पहारेकरी प्रोग्राम होता. नेमका त्यातच दोष होता, त्याने ती जाऊ दिली.

एवढ्यावर भागलं असतं तर कंपनीचं आतलं काम ठप्प झालं असतं. जग अंधारात गेलं ते पुढच्या पायरीमुळे, आणि ही पायरी म्हणजे बिघाड नव्हताच. शहाणपणाने लिहून ठेवलेला नियम होता. साताऱ्याच्या एसटी स्टँडची कल्पना करा. सांगलीची गाडी कुठून सुटते हे फलाटावरची पाटी सांगते, आणि पाटी सापडली नाही तर चौकशीची खिडकी. खिडकीतल्या माणसाला ताकीद आहे: आगाराशी तुझा संपर्क तुटला तर प्रवाशांना चुकीचं सांगत बसू नकोस, पाटी उतरव आणि खिडकी लाव, लोक दुसऱ्या खिडकीवर जातील. एका खिडकीपुरता हा नियम उत्तम. त्या रात्री जगातल्या सगळ्या खिडक्यांचा आगाराशी संपर्क एकाच वेळी तुटला आणि सगळ्यांनी आज्ञाधारकपणे पाट्या उतरवल्या. गाड्या धडधाकट, चालक जागेवर, पण त्या आहेत कुठे हे सांगणारं कुणी उरलं नाही. पाट्यांचं काम करते ती बीजीपी, खिडकीचं काम करते ती डीएनएस. बीजीपीचा पहिला आराखडा १९८९ साली जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर खरडला गेला असं सांगतात. सगळ्या इंटरनेटचे रस्ते अजून त्याच्याच वंशजावर चालतात.

९:२१

क्लाउडफ्लेअरमध्ये तक्रार नोंदवली गेली, ती स्वतःविरुद्ध. फेसबुकचा पत्ता विचारला तर उत्तर येत नाही, तेव्हा आपल्याच डीएनएसमध्ये काही बिघडलंय, हा त्यांचा पहिला संशय. ज्यांचा हाच धंदा आहे त्यांनीही आधी स्वतःचा डबा हलवून पाहिला, हे वाचून मला आत्तीच्या घराबद्दल जरा मवाळ व्हावंसं वाटतं.

९:२८

त्यांना उलगडा झाला: फेसबुकने आपल्या डीएनएसकडे जाणारे मार्ग जाहीर करणंच थांबवलंय. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, तिन्ही नकाशावरून पुसले गेले होते.

साडेनऊ ते साडेदहा

सांगली-साताऱ्यात हा उलगडा कुणाला होणार? आपल्याला दिसतं ते एवढंच: निरोपाशेजारी घड्याळाचं चिन्ह येतं आणि तसंच राहतं, बरोबरची खूण उमटत नाही. आत्तीच्या घरी ठरलेला उपचार सुरू झाला. बटण बंद, दहा अंक, बटण चालू. काही नाही. पुन्हा. काही नाही. फोन बंद-चालू. मोबाइल डेटा लावून बघितला, तरी नाही. खरं तर इथेच खटल्याचा निकाल लागला होता. डब्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही त्या मोबाइल डेटावरही ॲप चालत नसेल, तर डबा निर्दोष. पण घरातल्या हुशार पोराने, म्हणजे माझ्या आतेभावाने, निष्कर्ष काढला की मोबाइल कंपनीचाही आजच घोळ आहे.

पुरावे आणखीही होते. डब्यावरचा हिरवा दिवा स्थिर होता. फायबर तुटली की ‘लॉस’ असं लिहिलेला दिवा लाल होतो. तो विझलेला होता. आणि टीव्हीवर यूट्यूब चालू होतं! आत्ती त्यावर कीर्तन ऐकत होती.

आतेभावाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या तासाभरात बाकीच्या साइटही मध्येच रेंगाळत होत्या. फेसबुकचा पत्ता मिळेना म्हणून जगभरच्या फोनांमधली ॲप स्वतःहून पुन्हा पुन्हा विचारत सुटली, आणि माणसं पुन्हा पुन्हा उघडून बघत सुटली. क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसवर फेसबुकबद्दलच्या विचारणा नेहमीच्या तीसपट झाल्या. त्या गर्दीत दुसऱ्यांचीही वाट अडली. तेव्हा ‘नेट स्लो आहे’ असं त्याला वाटलं हे अगदीच खोटं नव्हतं.

मग नेटवाल्याला फोन. लागेना. तक्रार नोंदवायची रीत वेगळी होती: भागातल्या ग्राहकांचा एक ग्रुप, त्यावर नाव आणि फ्लॅट नंबर टाकायचा. ग्रुप अर्थातच व्हॉट्सॲपवर.

१०:४०

बहुतेक डब्यांच्या मागे टाचणी जाईल एवढं एक छिद्र असतं. आत बटण. ते दहाएक सेकंद दाबून धरलं की सगळे दिवे एकदम लागतात, विझतात, आणि डबा कारखान्यातून निघाला त्या दिवसाच्या अवस्थेत परत जातो. बंद-चालू करणं वेगळं आणि हे वेगळं. दोन्हीला लोक ‘रिसेट’च म्हणतात, त्याने घात होतो. बंद-चालू केल्यावर सेटिंग शाबूत राहते. छिद्रातलं बटण सगळं पुसतं: वायफायचं नाव, पासवर्ड, आणि सगळ्यात महागाचं म्हणजे जोडणी देताना नेट कंपनीने भरून दिलेलं पीपीपीओई या नावाच्या रकान्यातलं यूजरनेम आणि पासवर्ड. ते डब्यात नसेल तर कंपनीचा दरवाजा उघडत नाही. दिवा हिरवा, तार शाबूत, वायफायच्या पट्ट्या भरलेल्या, आणि इंटरनेट नाही.

आतेभावाने आत्तीच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी घेतली.

कीर्तन थांबलं.

१०:५५

आत्तीचा मला साताऱ्याला फोन आला. साधा, नंबर फिरवून केलेला.

“अरे, तुझ्याकडं व्हॉट्सॲप चालतंय का?”

“नाही, आत्ती. बंद आहे. टीव्हीवर सांगतायत, सगळ्या जगात बंद आहे.”

“सगळ्या जगात?”

“हो.”

ती आत वळून काहीतरी बोलली, ते मी इथं लिहीत नाही. मग पुन्हा फोनवर: “हे आधी सांगायचं नाही का?”

“कशावरनं सांगणार, आत्ती?”

मध्यरात्र

आता तिकडची गंमत पाहा. कॅलिफोर्नियात सकाळचे साडेअकरा. फेसबुकच्या अभियंत्यांना बिघाड कुठे आहे याचा अंदाज आलेला, पण तिथवर पोचता येईना. दूरवरून यंत्रांमध्ये शिरायची वाट त्याच जाळ्यातून जात होती जे तुटलं होतं. बिघाड शोधायची त्यांची नेहमीची हत्यारंही डीएनएसवर विसंबून, तीही निकामी. म्हणजे ज्या घरात तक्रार करायची वाटच व्हॉट्सॲपवर होती ते घर आणि ज्यांनी व्हॉट्सॲप चालवायचं ती कंपनी, दोघं एकाच अडचणीत.

मग माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवली. सांता क्लाराच्या केंद्रावर तुकडी गेल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने दिलं. कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं दारावर चालत नसल्याच्याही बातम्या आल्या. जनार्दन यांनी लिहिलंय ते मला जास्त बोलकं वाटतं: आत शिरणं अवघड असावं अशीच ती केंद्रं बांधलेली आहेत, आणि आत शिरल्यावरही हाताशी यंत्र असूनसुद्धा त्यात फेरबदल करणं अवघड जावं अशीच रचना आहे. चोरासाठी लावलेली कुलपं घरमालकालाच नडली. कंपनी वादळ-सराव करते, म्हणजे एखादं अख्खं केंद्र मुद्दाम बंद पाडून बघते. सगळं जाळं एकदम गेलं तर काय, हा सराव मात्र कधी झाला नव्हता.

दिलगिरी व्यक्त करायला कंपनीला ट्विटरवर जावं लागलं, प्रतिस्पर्ध्याच्या ओसरीवर. टेलिग्रामला त्या दिवसात ७ कोटी नवे लोक मिळाले असं त्याच्या संस्थापकाने, पावेल दुरोव्हने, सांगितलं. फेसबुकचा शेअर दिवसाअखेर सुमारे ५ टक्क्यांनी घसरला.

आत्तीकडे आतेभाऊ मोबाइलच्या नेटवर व्हिडिओ बघून डब्याच्या सेटिंगच्या पानात शिरला होता. पान उघडलं, कारखान्याचा पासवर्ड डब्याच्या बुडावरच छापलेला असतो. पीपीपीओईचा रकाना रिकामा. त्यात काय भरायचं हे नेट कंपनीला ठाऊक, आणि कंपनीच्या माणसाने जोडणीच्या दिवशी पाठवलेला तो निरोप व्हॉट्सॲपवर होता की कागदावर, यावर मायलेकांचा वाद साडेबारापर्यंत चालला.

२:३० ते २:५८

अडीचच्या सुमाराला फेसबुकच्या बाजूने पुन्हा मार्ग जाहीर होऊ लागले. २:४७ला त्यांचा जोर सर्वात जास्त. २:५०ला फेसबुकच्या नावाला पुन्हा पत्ता मिळू लागला. २:५८पर्यंत क्लाउडफ्लेअरच्या नोंदीप्रमाणे कंपनी जगाशी जोडली गेली होती.

पण दिवे एकदम लावता येत नव्हते. सगळं बंद असताना डेटा सेंटरचा वीजवापर दहा-दहा मेगावॉटच्या पटीत खाली आला होता. एका फटक्यात सगळा भार परत आला असता तर वीजयंत्रणेपासून साठवणीपर्यंत काहीही कोलमडलं असतं. त्यामुळे सेवा टप्प्याटप्प्याने आणल्या, आणि इथे ते वादळ-सराव कामाला आले. पहाटे जाग आलेल्यांना एकेक करून रात्रीचे निरोप पोचले; तासगावकडच्या कुणाला तरी डागाच्या फोटोवरचं उत्तरही आलं असेल, फवारणीची वेळ टळून गेल्यावर.

साडेपाच-सहा तासांत जगाचं भागलं. विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावर वायफायच्या पट्ट्या भरलेल्या होत्या आणि इंटरनेट नव्हतं.

मंगळवार, सकाळी अकरा

नेटवाला पोरगा आला. सकाळपासून हीच कामं करतोय म्हणाला, लोकांनी टाचण्या घातल्यात. यूजरनेम त्याने स्वतःच्या फोनमधून काढून भरलं, व्हॉट्सॲपवरच्या एका जुन्या निरोपातून. नेट आलं. डब्याचा आतला पासवर्ड त्याने ‘ॲडमिन’च ठेवला. आतेभावाने मात्र इथे शहाणपण केलं आणि तो बदलायला लावला. त्याला २०१७ची आठवण होती: त्या जुलैत बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका विषाणूने निकामी केले होते, आणि आत शिरायला त्याला कारखान्याचा न बदललेला पासवर्डच पुरला होता. तेव्हा ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं होतं.

जाता जाता पोराने वायरलेसचं पान उघडलं. चॅनेल ऑटो, रुंदी चाळीस. “हे असं कशाला ठेवलंय, मावशी?” असं म्हणत त्याने फोनवर आजूबाजूचे डबे पाहिले, चॅनेल ११ लावला, रुंदी वीस केली. दोन मिनिटांचं काम. साडेसातचं दुखणं त्या दिवसापासून गेलं ते गेलंच. दीड वर्ष कुणी त्या पानावर गेलंच नव्हतं.

आत्तीने त्याला पोहे दिले आणि यूजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून मागितलं. कागद सापडेना. तेव्हा त्याने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ऑक्टोबरच्या पानामागे, बॉलपेनने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. ते पान आणखी पंचवीस-सव्वीस दिवसांनी उलटणार आणि जानेवारीत कॅलेंडर रद्दीत जाणार, हे मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग तू लिहून ठेव की. मी विचारलं, पाठवतेस? म्हणाली, आत्ताच पाठवलंय, व्हॉट्सॲप बघ.